चिऊचं वाचन आणि एका तुकडीची मिशनरी शाळा : पुण्यातली एक केस

ही केस माझ्या सख्ख्या भाचीची आहे. घरात तिला चिऊ म्हणतात, इथेही तेच ठेवते, आणि दोन्ही शाळांची नावं मुद्दाम टाळतेय कारण मुद्दा त्या अमुक शाळेचा नाहीये. "ख्रिश्चन शाळा म्हणजे शिस्त आणि इंग्लिश" हे पुण्यात कुणालाही विचारा, हेच सांगतील. ताई पण तेच डोक्यात घेऊन गेली होती. फायदा झाला तो भलत्याच गोष्टीचा, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. मी बी.एड. करून घरी शिकवण्या घेते, त्यामुळे मधे मधे मास्तरकी येईल, सांभाळून घ्या.

आधीची परिस्थिती

ताई-भावजी फातिमानगरला राहतात, ताई बँकेत, भावजी मगरपट्ट्याला आयटीत, सोबत ताईच्या सासूबाई. चिऊची शाळा उंड्रीच्या बाजूला, मोठी, एसी बस, स्विमिंग पूल, एकेका इयत्तेला आठ तुकड्या आणि तुकडीत चाळीसच्या वर मुलं. आता तिचं वय बघा. सिनियर केजी २०२०-२१ ला, म्हणजे अख्खं मोबाईलवर. पहिली २०२१-२२, त्यातलीही बरीचशी मोबाईलवरच. ज्या दोन वर्षांत अक्षर आणि आवाज यांची गाठ बसते ती दोन वर्षं ही पोरगी स्क्रीनवर म्यूट होऊन बसली होती आणि मागून ताई हळूच उत्तरं सांगत होती (सगळ्याच आया सांगत होत्या, त्यात काही लपवण्यासारखं नाही).

दुसरीपासून प्रत्यक्ष शाळा. रिपोर्ट कार्ड छान, ए-टू, कधी बी-वन. "शांत आणि आज्ञाधारक मुलगी" असा शेरा. तिसरीत वर्षभरात क्लास टीचर दोनदा बदलल्या. प्रोजेक्ट ताई रात्री अकराला बसून करायची, वर्कशीटचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायचे, उत्तरं पाठ करून घेतली की झालं. चिऊची पाठांतराची शक्ती जबरदस्त आहे, धडा दोनदा ऐकला की जसाच्या तसा म्हणते, पुस्तक समोर धरून, बोट फिरवत. बघणाऱ्याला वाटणार वाचतेय.

फक्त दर सोमवारी सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही.

शाळा बदलायचं कारण मात्र वाचन नव्हतंच, तो प्रॉब्लेम आहे हे कुणाला माहितीच नव्हतं. कारण साधं होतं, फी लाखाच्या वर गेली होती, वर बसचे वेगळे, आणि येताजाता मिळून पोरगी दीड-दोन तास बसमध्ये. चौथीत मधेच अ‍ॅडमिशन कुठे मिळेना. घोरपडीच्या बाजूला सिस्टर लोकांची (म्हणजे नन्सची) एक छोटी शाळा होती, ज्युनियर केजी ते सातवी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, सगळी मिळून दोनशेच्या आसपास मुलं, फी आधीच्या शाळेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. चौथीत बावीस मुलं होती, चिऊ तेविसावी. जागा होती म्हणून मिळाली, एरवी अल्पसंख्याक शाळा असल्याने पहिला हक्क त्यांच्या समाजाच्या मुलांचा, आणि ते बरोबरच आहे.

जुन्या शाळेने शाळा सोडल्याचा दाखला द्यायला जूनची फी भरा म्हणून अडवून धरलं, त्यात पंधरवडा गेला. ते सोडा.

घरातला विरोध

ताईच्या सासूबाई म्हणजे पक्क्या पेठेतल्या. "मिशनच्या शाळेत? कशाला ते? उद्या गळ्यात क्रॉस घालून येईल." भावजी गप्प. ताई चिडली. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण ही भीती काही त्यांनी एकटीने शोधून काढलेली नाही, पुण्यात ती दीडशे वर्षं मुरलेली आहे. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसकट मंडळींवर ग्रामण्य (म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याची कारवाई) झालं होतं, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं होतं. चहावरून! आणि त्याच पुण्यात त्याच्याही आधी जोतिबा फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं ट्रेनिंग झालं ते नगरला मिस फरार यांच्याकडे, अमेरिकन मिशनमध्ये. म्हणजे १८४८ ला भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली त्याच्या मागेही ही मिशनची शाळा कुठेतरी होतीच. दोघंही तिथे शिकले, धर्म काही बदलला नाही, उलट जे घेण्यासारखं होतं ते घेऊन स्वतःच्या वाटेने गेले. हे मी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते फुले होते, ही आपली चिऊ आहे." बरोबर बोलल्या, काय उत्तर देणार.

मग भावजींनी एक शहाणपणाचं काम केलं, जे प्रत्येक पालकाने करावं असं मला वाटतं. सिस्टरना (म्हणजे मुख्याध्यापिका) सरळ विचारलं की धर्माचं नेमकं काय काय होतं शाळेत. त्यांनी पण आडपडदा न ठेवता सांगितलं. सकाळी असेंब्लीत प्रार्थना होते, ती ख्रिस्ती असते. आठवड्यातून दोन तास कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला) जातात, बाकीची मुलं त्याच वेळी दुसऱ्या वर्गात मॉरल सायन्सला. नाताळचं नाटक असतं. चर्चमध्ये मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) असेल तेव्हा बाकीच्या मुलांना यायची सक्ती नाही. आपल्या घटनेच्या कलम २८(३) मध्येच आहे की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. शाळेच्या फॉर्मवर तसा रकानाच होता. ताई-भावजींनी असेंब्लीला हो, मिस्साला नाही असं लिहून दिलं आणि विषय संपला. आजींचा नाही संपला, पण त्यांचं पुढे येईलच.

काय घडलं

जून २०२४, चौथी सुरू. दुसऱ्याच आठवड्यात टीचरचा ताईला फोन, "जरा येऊन जाल का?" ताईला वाटलं पोरगी रडतेय.

टीचर, पन्नाशीच्या बाई, त्याच शाळेत वीस वर्षांच्या वर. म्हणाल्या, चिऊ वाचत नाही. ती ऐकते आणि म्हणते. वर्ग एकत्र वाचतो तेव्हा तिचे ओठ अर्धा शब्द मागे असतात. आणि मी नवीन उतारा फळ्यावर लिहिला, जो कुणी आधी ऐकलेला नाही, तर तिने बाथरूमला जायची परवानगी मागितली. तीन दिवस, तिन्ही दिवस.

हे ऐकून मला एक शिक्षिका म्हणून काय वाटलं सांगू, यात कसलंही मोठं टेक्निक नाही. त्यांच्या वर्गात रोज प्रत्येक मुलाला चार ओळी मोठ्याने वाचाव्या लागतात. तेवीस मुलं, अर्ध्या तासात होतात. चव्वेचाळीस मुलांच्या वर्गात हे रोज करायचं म्हटलं तर दुसरं काही शिकवायलाच नको. त्यामुळे तिथे "समूहवाचन" होतं आणि समूहात चिऊ आरामात लपून जाते, दोन वर्षं गेलीच होती.

ताई घरी येऊन रडली, मग चिडली, मग मला फोन. "ए-टू कसा काय मिळत होता मग?" याचं उत्तर तिला स्वतःलाच माहीत होतं.

टीचरच्या सांगण्यावरून तपासणी करून घेतली. डिस्लेक्सिया (बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं) असेल तर लवकर कळलेलं चांगलं, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि परीक्षेत सवलतीही मिळतात. पण रिपोर्ट आला की तसं काही नाही, डोळे बुद्धी सगळं ठीक, फक्त अक्षर-आवाजाचा पाया बसलेलाच नाही. सरळ भाषेत, पहिली झालीच नाही.

आता चौथीतल्या मुलीला पहिलीचं कसं शिकवायचं, तेही तिची लाज न काढता. इथे त्या छोट्या शाळेने जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. दुसरीच्या टीचर आणि चौथीच्या टीचर रोज एकाच स्टाफरूममध्ये, एकाच टेबलावर डबा खातात. त्यांनी आपसात ठरवलं. चिऊला सांगितलं की दुसरीच्या टीचरना मदतनीस हवीय, मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं तू जा आणि त्या लहान मुलांना गोष्ट वाचून दाखव. पुस्तक दुसरीचं. आदल्या दिवशी टीचर तिच्याकडून तेच पान अक्षर-अक्षर फोडून करून घ्यायच्या. चिऊ घरी येऊन सांगायची "मी दुसरीला शिकवते". आणि आधी मराठी घेतलं, इंग्लिश नाही. देवनागरीत बहुतेक जसं लिहिलंय तसंच बोलायचं असतं त्यामुळे मुलाला पटकन जमल्यासारखं वाटतं, इंग्लिशसारखं क-ला कधी सी कधी के असा छळ नाही. मराठीच्या बाई नगरकडच्या, ख्रिस्ती, काय सुंदर स्वच्छ मराठी त्यांचं, आमच्या पेठेतल्या आजी सुद्धा ऐकत बसल्या होत्या एकदा. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मुलगी आधी मराठी वाचायला शिकली, हे ताईला पचायला वेळ लागला.

दिवाळीपर्यंत मराठी बऱ्यापैकी. इंग्लिश फेब्रुवारी-मार्चपर्यंत रखडत. पहिल्या ओपन डेला मार्क बघून भावजींचा चेहरा उतरला, सगळीकडे सी. आधी ए-टू होता हो! सिस्टर शांतपणे म्हणाल्या, हा सी तिचा स्वतःचा आहे. सोमवारचं पोट कधी थांबलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, ऑक्टोबरमध्ये कधीतरी ताईच म्हणाली, "अगं, तिचं पोट दुखलंच नाही की बऱ्याच दिवसांत."

अजून एक. आपल्याकडे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर पुन्हा परीक्षा आणि तिथेही राहिलं तर त्याच वर्गात. म्हणजे हे चौथीत उघडं पडलं नसतं तर पाचवीत धाडकन पडलं असतं.

मग हे लहान असल्यामुळे की ख्रिश्चन असल्यामुळे

माझा नवरा म्हणाला, यात ख्रिश्चन काय आहे, कुठल्याही लहान वर्गात हेच झालं असतं. मलाही आधी तसंच वाटलं. पण थोडं थांबून बघा. वर्गाच्या आकारावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ ला सुरू झाला, केजी ते तिसरीच्या मुलांवर. लहान वर्ग म्हणजे १३ ते १७ मुलं, आणि नेहमीचा वर्ग म्हणजे २२ ते २५. लहान वर्गातली मुलं पुढे गेली, गरीब मुलांना तर जास्तच फायदा झाला. पण चिऊचा वर्ग तेवीसचा आहे, म्हणजे तिकडच्या हिशोबाने तो "मोठा" वर्ग झाला! (उंड्रीच्या तुकडीला ते काय म्हणतील देव जाणे.) त्यामुळे नुसता वर्गातला आकडा सगळं सांगत नाही.

माझ्या मते दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. एक, अख्खी शाळा लहान आणि टीचर जुन्या. दुसरीच्या बाईंना चौथीतली मुलगी नावाने माहिती, शिपाई मावशींना तिच्या डब्यात काय असतं ते माहिती. मूल एका टीचरच्या हातून दुसऱ्या टीचरच्या हातात जातं तेव्हा मधे कागद नसतो, बोलणं असतं.

दुसरी म्हणजे चर्च. इथे ख्रिश्चनपणा कामाला येतो, पण लोकांना वाटतो तसा नाही. त्या शाळेतली निम्मी मुलं आसपासच्या ख्रिस्ती घरांतली, कुणी गोव्याकडचे, कुणी तामिळ, कुणी नगर-जालन्याकडचे मराठी, बरेच रेल्वेतले नाहीतर मिलिटरीतले. ही घरं रविवारी चर्चमध्ये भेटतात, लग्नाला-मयताला भेटतात. टीचर त्यातल्याच. त्यामुळे मुलांच्या आयांना एकमेकींची मुलं माहिती असतात. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी ऐंशीच्या दशकात कॅथलिक हायस्कूलांबद्दल हेच मांडलं होतं, तिथे मुलं शाळा मधेच सोडण्याचं प्रमाण कमी का, तर शाळेभोवती एकमेकांना ओळखणाऱ्या घरांचं जाळं असतं म्हणून. पुढे २००५ च्या सुमारास काही अर्थतज्ज्ञांनी पुन्हा तपासलं तर शाळा पूर्ण करण्यावरचा परिणाम टिकला, पण मार्कांवरचा फारसा दिसला नाही. मला हे अगदी पटतं. चिऊचे मार्क आजही काही भारी नाहीत.

आणि ताई त्या समाजातली नसूनही त्या जाळ्यात आपोआप ओढली गेली, कारण बस नाही, म्हणजे दुपारी आजी किंवा ताई गेटवर उभ्या, आणि गेटवर सगळं कळतं. मोठ्या शाळेत दुसऱ्या पालकांशी ओळख म्हणजे "पॅरेंट ग्रुप डी डिव्हिजन", तिथे फक्त उद्याचं सबमिशन काय आणि फुलाफुलांचे गुड मॉर्निंग.

आजींचं सांगायचं राहिलं. नाताळच्या नाटकात चिऊ मेंढपाळ होती, डोक्याला टॉवेल बांधून. आजी बघायला गेल्या, पहिल्या रांगेत बसल्या. घरी येऊन एकच तक्रार, गोठा दाखवलाय आणि गाय एक नाही, नुसती मेंढरं. पुढच्या वर्षी त्यांनी गौरीच्या सजावटीतली पुठ्ठ्याची गाय पाठवली शाळेत. ती वापरली त्यांनी.

जे मिळालं नाही

आता दुसरी बाजू, कारण नुसतं गोडगोड लिहिलं तर जाहिरात होईल. ग्राउंड चर्चचंच आहे, तिथे लग्न असलं की पीटी बंद. कॉम्प्युटर रूममधली मशीन्स म्युझियमला द्यावीत अशी. शाळेत कौन्सेलर नाही, स्पेशल एज्युकेटर नाही, चिऊला खरंच डिस्लेक्सिया निघाला असता तर त्या टीचरना एकटीला झेपलं नसतं, हे त्यांनी स्वतः ताईला सांगितलं. अल्पसंख्याक शाळांना आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) गरीब मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवायचा नियम लागू नाही, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलंय, त्यामुळे गरीब मुलं शाळेत असतील की नाही हे मॅनेजमेंटच्या मनावर. या शाळेत रिक्षावाल्यांची मुलं आहेत कारण फी कमी आहे आणि सिस्टर कुणाकुणाची माफ करतात, सगळीकडे तसं असेल असं समजू नका.

आणि एकच तुकडी याचा तोटा फार वाईट रीतीने कळला. जानेवारीत वर्गातल्या तीन मुलींनी चिऊशी बोलणं बंद केलं, "दुसरीची टीचर" म्हणून चिडवायला लागल्या. मोठ्या शाळेत तुकडी बदलून मिळाली असती. इथे त्याच तेवीस जणांत सातवीपर्यंत काढायचं. सिस्टरनी चौघींच्या आयांना एकत्र बोलावलं, मुलींना नाही. तिथे एका आईचा आवाज चढला, ताईचाही चढला. मुलींचं महिन्याभरात मिटलं, त्या बाई अजून ताईशी बोलत नाहीत, आणि रोज गेटवर भेटतात. ओळखीचं जाळं म्हणजे हे पण आलंच त्यात.

पाहायला जाणार असाल तर रिझल्ट नंतर विचारा, आधी टीचर किती वर्षांपासून आहेत ते विचारा. बिनअनुदानित छोट्या शाळांचे पगार कमी असतात, टीचर टिकत नसतील तर लहान असून उपयोग शून्य. मुलं मोठ्याने वाचतात का ते वर्गाच्या दारात उभं राहून ऐका. धर्माचं तोंडी नको, फॉर्मवर घ्या.

तर आत्ताची स्थिती. २०२५ च्या जूनमध्ये सिस्टरची बदली झाली. नन्सच्या संस्थांमध्ये अशा बदल्या होतच असतात, वरून पत्र आलं की त्या निघाल्या, पालकांना कुणी विचारत नाही. ताईला धडकी भरली होती. नवीन सिस्टर तरुण, हुशार, टाइमटेबल सगळं नव्याने लावलं आणि त्यात ती दुसरीच्या वर्गातली वाचनाची वीस मिनिटं उडाली. चौथीच्या टीचर जाऊन भांडल्या म्हणे. आता आठवड्यातून तीनदा आहे. चिऊचं नाव त्या यादीत नाही, तिच्या जागी तिसरीतला एक मुलगा जातो. ती पाचवीत आहे, हळू वाचते पण वाचते, बसस्टॉपवरच्या पाट्यांपासून आजींच्या औषधाच्या पाकिटापर्यंत. ताई आत्तापासूनच आठवीच्या अ‍ॅडमिशनच्या मागे लागलीये, कॅम्पातल्या दोन शाळांमध्ये जाऊन आली, दोन्हीकडे एकच उत्तर, सातवीच्या दिवाळीनंतर या.